रद्दीवाल्याच्या भिंतीवर चिकटवलेलं तुमचं पान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे, कापायचं असेल तर मधून कापा, शेवट तेवढा ठेवा.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत जुन्या कॉमिक्सवर अर्धं पान होतं. इंद्रजाल या कॉमिक्स मालिकेचा एकेक अंक १५-१५ हजाराला जातो, तुमच्या माळ्यावर लाखोंचा खजिना धूळ खात पडला असेल, वगैरे वगैरे. मी चाळीसेक वर्षं जुनी कॉमिक्स जमवायचा हाच उद्योग करतोय म्हणून घरच्यांनी ते पान माझ्यासमोर नाचवलं, बायको म्हणाली मग विका की आता, निदान कपाट तरी मोकळं होईल. हसण्यावारी नेलं. पण परवा स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या रद्दीवाल्याकडे गेलो आणि हसू पळालं. त्याने तुमचं ते पान रद्दीत टाकलेलं नाही, गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मीच्या फोटोखाली सेलोटेपने चिकटवलंय. पेपरच्या पानाला रद्दीच्या दुकानात एवढा मान मिळालेला मी तरी पहिल्यांदा बघितला.

त्याच्या काउंटरखाली एक गठ्ठा होता. सुतळीने बांधलेला, ९ अंक, सगळे मराठी इंद्रजाल. छातीत धडधडलं पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम, म्हणून आधी दोन जुने दिवाळी अंक चाळल्यासारखं केलं, एका कुकरच्या पुस्तिकेची चौकशी केली, मग सहज विचारल्यासारखं, हे काय रे, दाखव जरा. वरच्याच अंकावर घोड्यावरचा वेताळ (इंग्रजीतला फँटम), कोपऱ्यातला रंग उडालेला, आत जांभळ्या शाईचा कुठल्यातरी वाचनालयाचा शिक्का आणि खाली बॉलपेनने एका मुलाचं नाव, इयत्ता ७ वी ब. पिना गंजून कागदात तपकिरी डाग उतरलेले. सुतळी इतकी करकचून बांधलेली की वरच्या आणि खालच्या अंकाच्या कडेला खाच पडलेली. तिसऱ्या अंकातलं कोडं कोणीतरी पेन्सिलने सोडवलेलं, बरोबर सोडवलं होतं. पाचव्याची मधली पानंच नाहीत, पिनेतून निसटून गेली असणार.

"कितीला?"

"एकाचे २ हजार."

मी म्हटलं अरे मागच्या वर्षी तूच मला २० रुपयाला एक दिलायस. तर म्हणतो, "तेव्हा मला माहीत नव्हतं ना काका." मी पाचवा अंक उघडून दाखवला, बाबा याची मधली पानं नाहीयेत. त्याने मान वळवून तुमच्या पानाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "पेपरमध्ये पानांचं काही लिहिलेलं नाही."

आता सांगा, चूक त्याची का तुमची?

माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही छापलेले १५ हजार ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नाही. डोंबिवलीत राहणाऱ्याला हे समजवायला नको, फ्लॅटच्या जाहिरातीतला भाव वेगळा आणि रजिस्ट्रेशनला बसल्यावर ठरलेला भाव वेगळा. ऑनलाइन कोणीही काहीही आकडा टाकू शकतं, पैसे पडत नाहीत. मी एका अंकाची एकच जाहिरात गेली तीन वर्षं बघतोय, फोटो तोच, फोटोतली चादर तीच, किंमत मात्र दर दिवाळीला थोडी वाढते, घेतलेला कोणी नाही. तुमच्या बातमीदाराने असलाच आकडा उचलला असावा, कारण विकल्या गेलेल्या अंकांचे भाव बघायचे तर थोडं खोदावं लागतं, खरे सौदे माणसामाणसांत फोनवर होतात आणि त्यातले बहुतेक शंभर-दोनशेच्या घरातले असतात, निदान मी जे केले ते तरी.

हजारांत जाणारे अंक नाहीतच असं नाही. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ ला सुरू केलं, १९९० ला बंद पडलं, तोवर ८०३ अंक निघाले. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, ऐंशीच्या दशकात तर दर आठवड्याला. म्हणजे उत्तरार्धातले अंक ढिगाने आहेत आणि सुरुवातीचे मोजके. ते साठच्या दशकातले, त्यातही पहिले पाचपन्नास, कव्हर जागच्या जागी, पानं पूर्ण, पिना मूळच्या, असे आले तर संग्राहक खिसा मोकळा करतो, मीही केलाय आणि घरी किंमत सांगताना एक शून्य कमी सांगितलंय. पण ती झाली शेकड्यातली एखादी गोष्ट. १९८६ चा, कव्हर फाटका, मधली पानं गायब असलेला अंक त्याच रांगेत नेऊन बसवायचा म्हणजे कमाल झाली.

आपल्या लोकांच्या डोक्यात हे खूळ शिरलंय ते अमेरिकेच्या बातम्यांवरून. १९३८ साली १० सेंटला विकलेला सुपरमॅनचा पहिला अंक, अ‍ॅक्शन कॉमिक्स नंबर १, त्याची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. बातमी खरी आहे. पण ती का गेली हे कोणी वाचत नाही. दुसऱ्या महायुद्धात तिकडे कागदाची टंचाई होती, सरकारने घरोघरी रद्दी गोळा करायची मोहीम काढली, पोरांनी स्वतःची कॉमिक्स देशासाठी म्हणून हातगाड्यांवर घालून दिली आणि त्याचा लगदा झाला. उरली ती थोडी, म्हणून भाव. याच्या उलटंही झालंय. पुढे ऐंशी-नव्वदच्या सुमारास तिकडच्या लोकांना वाटलं आपणही घेऊन ठेवू, पोरांची कॉलेजची फी निघेल. १९९१ ला एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीचा नवा पहिला अंक आला, पाच वेगवेगळ्या कव्हरांचा, ८० लाखांच्या वर प्रती खपल्या. सगळ्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मिळ काय राहणार! माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तिथल्या कॉमिक्सच्या दुकानात पांढऱ्या पुठ्ठ्याची लांबलचक खोकी असतात, आत अंक उभे लावलेले, कोणताही घ्या १ डॉलर. त्यात तो एक्स-मेन त्याला हमखास दिसतो. मला फोटो पाठवतो, मामा पाहिजे का. मी म्हणतो नको, आणि मग रात्रभर वाटतं घेतला असता तर बरं झालं असतं. हा रोग आहे, कबूल.

तर त्यांच्या युद्धाच्या मोहिमेने जे केलं ते आपल्याकडे रद्दीवाल्याने दर महिन्याला केलं, ना युद्ध ना टंचाई. आणि त्यात सगळ्यात जास्त मार बसला मराठी अंकांना. इंग्रजी आणि हिंदी इंद्रजाल देशभर जायचं, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी घरात शिल्लक राहिलं. मराठी फक्त आपल्यापुरतं. त्यात आपण बहुतेक जण ते विकत घेतच नव्हतो, चाळीतल्या वाचनालयातून दिवसाचे १०-१५ पैसे देऊन आणायचो, एक अंक पन्नास पोरांच्या हातून फिरायचा, शेवटी त्याचं जे व्हायचं ते व्हायचं. काही वाचनालयं हुशार, दहा-दहा अंक एकत्र बांधून पुठ्ठ्याचं बाइंडिंग करायची. पोरांच्या दृष्टीने झकास, पण बाइंडर कडा कापून सारख्या करतो, कधीकधी कव्हरंही काढून टाकतो, त्यामुळे आज तसा खंड सापडला की आनंद आणि हळहळ एकदमच होते. त्यातली बरीच कव्हरं म्हणजे बी. गोविंद यांनी रंगवलेली, आतली चित्रं परदेशी पण कव्हर आपल्या माणसाचं. १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर हा आपला देशी नायक आला, तोही पहिल्यांदा काढला याच गोविंदांनी. तो अंक बिनकव्हराचा मिळाला तर काय मिळालं?

आणि गंमत अशी की मराठी अंक इतके कमी असूनही वर्षानुवर्षं स्वस्त होते. नुसती वस्तू कमी असून भाव येत नाही हो, घेणारे लागतात. इंग्रजीला मुंबई, दिल्ली, बंगलोर, परदेशातले पण गिऱ्हाईक, मराठीला मी आणि माझ्यासारखे दहा-वीस जण. व्यापाऱ्याला मराठी गठ्ठा म्हणजे ओझं वाटायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी, कधी बुधवारी, ताडपत्रीवर स्क्रू, नळाचे पार्ट आणि जुने चष्मे यांच्यामध्ये एखादा गठ्ठा असायचा, विचारलं की म्हणायचे घेऊन जा सगळा पन्नास द्या. माटुंग्याला किंग्ज सर्कलला, फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर, तिथले पुस्तकवाले जाणकार, ते इंग्रजीचा बरोबर भाव लावायचे पण मराठी खालच्या थप्पीत, त्यासाठी मांडी घालून बसावं लागायचं. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे टॉर्च घेऊन गेलोय मी, डोंबिवलीहून पहिल्या लोकलने, आणि परत येताना पिशवीत तीन अंक आणि एक बिनकाट्यांचं घड्याळ. घड्याळ का घेतलं ते अजून माहीत नाही.

एकदा तर कल्याणच्या एका रद्दीवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवलं, वेताळ आला तर बाजूला काढ. गेलो तर त्याने खूश होऊन चांदोबाची चळत पुढे केली. उघडून दाखवतो, हा काय वेताळ, झाडावरून उतरलाय, राजाच्या खांद्यावर बसलाय. त्याचं काय चुकलं? आपल्या भाषेत वेताळ दोन, एक विक्रमाच्या खांद्यावरचा आणि एक अमेरिकन लेखक ली फाल्कचा, जांभळ्या कपड्यांतला, कवटीच्या अंगठीवाला. मी निमूटपणे चांदोबा घेतले. शंकर यांची चित्रं बघायला मिळाली, पैसे वसूल.

अमर चित्रकथेचं वेगळंच त्रांगडं. तुमच्या पानावर तिचा उल्लेख होता म्हणून सांगतो. त्यांचा कृष्ण हा अंक इंग्रजीत ११ नंबरचा आहे कारण आधीचे १० परदेशी परीकथांचे होते, आणि नंतरच्या नव्या मालिकेत तोच कृष्ण ५०१ नंबरने निघाला. चित्रकारही तेच, राम वाईरकर. ज्याला हे माहीत नाही तो ५०१ वाला हातात घेऊन मूळ म्हणून विकतो, आणि ज्याला माहीत आहे तो कधीकधी माहीत असूनही विकतो. तेव्हा कव्हर बघून भाळायचं नाही. आधी नंबर, मग छापील किंमत, मग आतला प्रकाशनाचा मजकूर. त्या अंकांना पुनर्मुद्रणं किती झाली त्याला गणती नाही, म्हणून चित्रकथा शंभरात एखादीच महाग, बाकी वाचायला घ्या. त्यातले चित्रकार प्रताप मुळीकांनी काढलेले घोडे बघायला घ्या, त्याला मोल नाही असं मी म्हणेन पण रद्दीवाल्यासमोर म्हणणार नाही.

मी फसलो नाही असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एकाकडून २२ अंकांचा मराठी लॉट घेतला, फोटो झकास, पैसे आधी. पार्सल उघडलं तर वरचे ४ मराठी, बाकी हिंदी, आणि त्या चारांतल्या दोघांची कव्हरं कलर झेरॉक्स. बोट फिरवलं की कळतं, झेरॉक्स गुळगुळीत आणि चकाकते, आतला कागद साठ टक्के पिवळा आणि कव्हर कालच्या लग्नपत्रिकेसारखं पांढरंफेक, असं कुठे असतं का. फोन केला तर म्हणे दादा तुम्ही नीट वाचलं नाहीत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, मिक्स लॉट. गप्प बसलो. तेव्हापासून विकणाऱ्याला आधी मधल्या पानाचा फोटो मागतो, पिना दिसतील असा. जो आढेवेढे घेतो त्याला नमस्कार.

आणि एक नुकसान असंय ज्याला कोणीच जबाबदार नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस, तेव्हा आम्ही कल्याणला खाडीच्या बाजूला तळमजल्यावर राहायचो. पाणी कमरेपर्यंत आलं. मी ऑफिसातून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो, बायको-पोरं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होती, ते बघितलं आणि मग पलंगाखालची पत्र्याची ट्रंक आठवली. उघडली तर आत चिखलाचं पाणी आणि कॉमिक्सची एक वीट. म्हणजे खरंच वीट, सगळे अंक एकमेकांना चिकटून एकच ठोकळा झालेला, कव्हराचा गुळगुळीत कागद सुटतच नव्हता, नखाने कड उचलली तर वेताळाचा चेहरा जादूगार मॅन्ड्रेकच्या पाठीवर निघून आला. दीडशेच्या वर अंक होते. पंख्याखाली आठवडाभर ठेवले, पावडर टाकली, काही झालं नाही, वास मात्र बसला. शेवटी मीच नेऊन कचऱ्यात टाकले, रद्दीवाल्याने ओले घेतले नाहीत. आत्ताचा माझा संग्रह हा त्यानंतरचा आहे. तो मी पुन्हा उभा करू शकलो याचं कारण एकच, की रद्दीच्या दुकानात तेव्हा अंक १०-२० रुपयाला मिळत होता. पगारदार माणूस होतो मी. एकाला २ हजार असते तर तिथेच विषय संपला असता.

म्हणून तुमच्यावर राग आहे. तुमच्या त्या पानाने नवीन संग्राहक तयार होतील असं तुम्हाला वाटलं असेल, तसं होत नाहीये. आमच्या सोसायटीतला नववीतला मुलगा माझ्याकडे येऊन अंक वाचतो, त्याला नाद लागलाय, खाऊचे पैसे साठवून महिन्याला दोनतीन अंक आणायचा. परवा तो रिकामा परत आला. आणि ज्यांच्याकडे माळ्यावर खरंच काही आहे ते आता बाहेर काढत नाहीत, लाखोंचा खजिना म्हणून धरून बसलेत. जवळच्याच एका जुन्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट आहे, घरं रिकामी होतायत, एरवी अशा वेळी पोटमाळे उघडतात आणि पन्नास वर्षांचं सगळं खाली येतं, किशोर, चांदोबा, इंद्रजाल, पितळी स्टो, आम्हा लोकांची दिवाळीच. यंदा एका आजोबांनी मला पिशवी नुसती लांबून दाखवली आणि म्हणाले मुलगा व्हॅल्युएशन करून घेणार आहे. पिशवीत वर डांबरगोळ्या टाकलेल्या होत्या आणि खालच्या कोपऱ्याला भुसा दिसत होता. म्हणजे कसर लागलेली. मी सांगितलं आजोबा आधी ऊन दाखवा, नको, ऊन पण नको, नुसत्या हवेवर पसरा आणि एकेक पान झटका. त्यांना वाटलं भाव पाडायला सांगतोय. मुलाचं व्हॅल्युएशन होईपर्यंत कसरीचं जेवण होणार.

तर विनंती अशी की पुढच्या एखाद्या रविवारी, अर्धं पान नको, चार ओळींचा चौकोन चालेल, त्यात एवढं छापा. पेपरच्या रद्दीचा भाव आमच्याकडे किलोला १२-१५ रुपये आहे, किलोत कॉमिक्स १५-२० बसतात, म्हणजे रद्दीवाल्याला अंक रुपयाच्या आसपास पडतो. त्याने ३० ला विकला, ५० ला विकला तरी त्याचं भलं आहे आणि घेणाऱ्याचंही. साठच्या दशकातला नीट अंक असेल तर जरूर थांबा, दोघातिघांना विचारा, जास्त मागा. बाकीच्यांना सोडा. आणि बातमीदाराला सांगा की पुढच्या वेळी आकडा टाकताना तो कोणी दिला आणि खरंच कोणी मोजला का, एवढं विचारून घ्या. मी यायला तयार आहे, माझी वही घेऊन येतो, १९८९ पासून कुठला अंक कुठून कितीला घेतला ते सगळं तारखेसकट लिहिलेलं आहे, पहिली नोंद २ रुपये आहे, डोंबिवली, फडके रोड. भिजलेल्या अंकांवर लाल रेघ मारलीय. वही तेवढी त्या दिवशी ऑफिसच्या बॅगेत होती म्हणून वाचली.

त्या ९ अंकांचं काय झालं विचाराल तर घेतले नाहीत. १८ हजार मागितले, मी ९ चे मिळून ४५० म्हटलं, मग ६००, तो हसला. गठ्ठा अजून तिथेच आहे. त्याच्या दुकानाचा पत्रा मागच्या पावसाळ्यात गळत होता आणि गळती नेमकी काउंटरच्या डाव्या बाजूला. काल मुद्दाम गेलो, बोललो, बाबा विकू नको मला, पण सुतळी सोड आणि वर प्लास्टिक टाक. सुतळी नाही सोडली. प्लास्टिक टाकलं.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली पूर्व